पंख्याची पिल्लं

"मी आता जे सांगणार आहे, ते इथं बसलेल्या एकालाही खरं वाटणार नाही," आप्पा म्हणाले आणि त्यांनी काठीच्या टोकानं एक भाजलेलं वांगं निखाऱ्यांतून अलगद बाहेर ओढलं. "कुणाला वाटलंच खरं, तर ही मिशी इथल्या इथं उतरवून ठेवीन."

"खरं वाटणं हा पुरावा नव्हे," बांधाकडून एक पत्र्याचा आवाज आला. "वाक्य आधी ऐकलं जाईल. मग तपासलं जाईल."

हुसेनकाका तडवी पोट धरून हसले. "घ्या आप्पा! आज बरोबरीचा गडी मिळाला तुम्हाला."

शलाकाला मात्र हसू आलं नाही. तिचं सगळं लक्ष बांधापलीकडच्या एका झाडाकडे होतं. वांग्याचं झाड. त्याला तीन वांगी लटकत होती, पिकून हळदीसारखी पिवळी झालेली, आणि तिन्हींच्या देठांना लाल चकचकीत पट्ट्या बांधलेल्या होत्या. झाडाशेजारी तो बोलणारा पत्रा उभा होता. सहा पाय, बकरीएवढी उंची आणि वर जेवणाच्या डब्यासारखं गोल डोकं. त्याचं नाव बीजपाल. बियाण्याच्या कंपनीचा हा यंत्रमानव. ज्या झाडावर लाल पट्टी, तेच तो उपटायचा. संध्याकाळी कंपनीची गाडी आली, की तो हे झाड मुळासकट उपटणार होता आणि वांग्यांसकट गाडीत घालून नेणार होता.

सातपुड्याच्या पायथ्याशी यावल तालुक्यात आमखेडे नावाचं गाव. तिथं थंडी पडली की माणसांना घरात जेवण जात नाही. शेतात जायचं, कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ करायचा, त्यात पोटभर वांगी भाजायची, लाकडाच्या खोल भांड्यात ठेचायची आणि केळीच्या पानावर भरीत ओढायचं, सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) पुरी. शलाका नारखेडेच्या शेतातही आज तोच बेत होता. प्रणालीआत्या पुऱ्या लाटत होती, शेजारच्या शेतातले हुसेनकाका लसूण सोलत होते आणि आप्पा, म्हणजे शलाकाचे आजोबा, वांगी भाजत होते. आप्पांनी उभा जन्म शेतकी संशोधन संस्थेत जनुकांवर काम करण्यात घालवला होता. जनुक (सजीवाच्या पेशीत साठवलेली सूचना, रंग कोणता, उंची किती, ऊन सोसायचं की नाही, हे ठरवणारी) हा त्यांचा अभ्यासाचा विषय आणि थापा हा आवडीचा.

बेत छान जमला होता. पण सकाळीच बीजपाल टकटक पाय वाजवत शेतात आला होता. त्यानं प्रत्येक झाडाच्या पानाचा टिकलीएवढा तुकडा कापला, पोटातल्या डबीत वाटला आणि शलाकाच्या झाडापाशी येऊन थबकला.

"या झाडात ऊनझेल जनुक आहे," तो म्हणाला. "हे जनुक कंपनीनं घडवलेलं आहे. या झाडाचं बी राखता येणार नाही."

ऊनझेल म्हणजे कंपनीचं वांग्याचं नवं वाण (पिकाची विशिष्ट जात). आताशा उन्हाळ्यात पारा पन्नाशीला टेकायचा. साध्या वांग्याची फुलं भाजून गळून पडायची. कंपनीच्या शास्त्रज्ञांनी वाळवंटातल्या एका झुडपातलं जनुक काढून वांग्यात बसवलं आणि ते वांगं रणरणत्या उन्हातही फुलं धरून ताठ उभं राहिलं. आत्यानं दोन वर्षांपूर्वी रीतसर दुकानातून त्याचं पाकीट आणून लावलंही होतं. भरीत मात्र असं व्हायचं, की ओला पुठ्ठा चावल्यासारखं. आप्पांनी पहिल्या घासालाच पान सरकवलं होतं.

शेजारच्या वाफ्यात घरचं जुनं हिरवं वांगं होतं, भरताचं. चवीला अमृत, पण उन्हापुढे हतबल. त्या वांग्यांतून आत्यानं दरवर्षीसारखं बी धरलं. बी धरायची तिथली रीत सोपी आहे. झाडावरचं सगळ्यांत देखणं वांगं हेरायचं, त्याच्या देठाला जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची, म्हणजे कुणी ते चुकून भरतासाठी तोडत नाही. मग ते झाडावरच पिवळं होऊ द्यायचं. त्या बियांची रोपं पुढच्या उन्हाळ्यात शलाकानं लावली. मे महिन्यात सगळी रोपं माना टाकून बसली. एक सोडून.

ते एकच झाड भर उन्हात फुलत राहिलं. पावसाळ्यात छाटलं, पुन्हा फुटलं. आणि त्याच्या पहिल्या वांग्याचं भरीत खाऊन आप्पा चक्क गप्प बसले होते. अशी गोष्ट त्या घरात फार वर्षांत घडली नव्हती.

"हा भुंग्याचा उद्योग," नंतर ते म्हणाले होते. वांग्याच्या फुलात पराग एका बारीक नळीत बंद असतो, नळीच्या टोकाला भोक. भुंगा फुलाला लटकतो आणि जोरात गुणगुणतो. त्या थरथरीनं पराग भुरभुरतो, जसं मिठाच्या डबीतून मीठ. ऊनझेलचा पराग अंगावर घेऊन भुंगा घरच्या वांग्यावर जाऊन बसला असणार. याला परपरागीभवन म्हणतात (एका झाडाचा पराग दुसऱ्या झाडाच्या फुलावर पडणं). आईची चव आणि बापाचं ऊन सोसणं, दोन्ही एका बीत उतरलं.

शलाकानं त्याच झाडावरच्या तीन वांग्यांना आत्याच्या जुन्या साडीच्या चिंध्या बांधल्या होत्या. हुसेनकाकांना बी द्यायचं कबूल केलं होतं. शाळेतल्या मैत्रिणींनाही. अख्ख्या जगात तसं झाड एकच होतं. बीजपालानं सकाळी चिंध्या सोडून टाकल्या आणि लाल पट्ट्या आवळल्या, तेव्हा शलाकानं त्या चिंध्या मातीतून उचलल्या, त्या अजून तिच्या मुठीतच होत्या.

आत्या त्याच्याशी भांडली नव्हती असं नाही. "काय रे, आमच्या शेतात आलेलं वांगं, आम्ही त्याचं बी धरू नये? कायदा काय म्हणतो? सांग ना!"

"हा प्रश्न माझ्या कामात बसत नाही," बीजपाल म्हणाला होता.

"बरं, मग कुणाच्या कामात बसतो?"

"हाही प्रश्न माझ्या कामात बसत नाही."

हुसेनकाकांनी वेगळी वाट धरून पाहिली. "अरे बाबा, हे ऊनझेल-बिनझेल आमच्या गावात कुणी लावलंच नाही कधी."

"असत्य!" बीजपाल ताडकन म्हणाला. "आपण स्वतः गेल्या वर्षी दोन पाकिटं घेतली. यावलच्या बाजारपेठेतल्या दुकानातून. दुपारी. दुकानदाराशी भावावरून वादही घातला."

हुसेनकाका कान खाजवत विहिरीकडे निघून गेले होते.

आप्पांना त्यातली मेख कळली. कंपनीनं बीजपालात असत्यशोधक बसवला होता (दुसऱ्याकडून ऐकलेलं वाक्य आपल्याजवळच्या माहितीशी ताडून खोटं पकडणारा भाग; कंपनीनं पढवलेली स्वतःची वाक्यं तो तपासत नसे), म्हणजे शेतकऱ्यांनी त्याला गंडवू नये. खोटं कानावर पडलं, की बीजपालाला तोंड उघडावंच लागायचं आणि खरं काय तेही पुरतं सांगावं लागायचं. प्रश्न विचारा, दगड. खोटं बोला, पोपट. पण आप्पा हे कुणाला बोलले नाहीत. त्यांनी नुसतं मिशीवरून बोट फिरवलं आणि जाळ पेटवला.

आणि आता ते वांगं सोलता सोलता म्हणत होते, "शलाका, गोष्टीआधी एक कोडं. अशी कोणती वस्तू आहे, जी नुसती वापरली, तरी तिची नक्कल तयार होते?"

"आरसा," शलाका कंटाळून म्हणाली.

"आरशातली शलाका गणितं सोडवते का?"

"मग मला नाही माहीत. आप्पा, गाडी येईल हो! तुम्ही कोडी काय घालताय?"

"गाडी येईल तेव्हा येईल. ऐक. मी तरुण असताना आमच्या संस्थेच्या गच्चीवर एक यान उतरलं. त्यातून फुरफुर नावाचा गृहस्थ बाहेर आला. हिरवा. घामानं थबथबलेला. म्हणाला, आमच्या भणभण ग्रहावर फार उकडतं, एखादा शास्त्रज्ञ द्या. संस्थेनं मला दिला."

"असत्य!" बीजपाल म्हणाला. "संस्थेच्या गच्चीवर यान उतरल्याची कुठेही नोंद नाही."

"नोंद कशी असेल? मी वहीत सही न करताच त्याच्याबरोबर निघालो. पण भणभणवर काय झालं, याची तुझ्याकडे माहिती आहे?"

बीजपालाच्या डोक्यात घरघर झाली. "भणभण नावाच्या ग्रहाची माहिती नाही. तपासता येत नाही."

"मग भणभणपुरतं तोंड मिटून ऐका, बीजपालराव. प्रणाली, याला पण एक पान वाढ गं. तर शलाका, भणभणवर इतकं उकडायचं, की माणसं पंख्याखाली जन्मायची आणि पंख्याखालीच म्हातारी व्हायची. आणि तिथल्या पंख्यांना व्हायची पिल्लं."

"काय?" आत्याचं लाटणं थांबलं.

"पिल्लं! पंखा महिनाभर फिरला, की त्याच्या मधल्या गोळ्यातून टपकन एक पिल्लू पडायचं. एवढंसं. तीन इवली पाती. चार दिवस जमिनीवर गरगरायचं, मग भिंतीवर चढायचं, छताला लटकायचं आणि वारा द्यायला लागायचं."

"यंत्राला पिल्लं..." बीजपालानं सुरुवात केली.

"भणभणच्या यंत्राला?"

"...तपासता येत नाही."

हुसेनकाकांनी लसणाची पाकळी त्याच्या दिशेनं नाचवली. "बसला!"

शलाकाच्या ओठाचा कोपरा पहिल्यांदा हलला. आप्पांनी ते पाहिलं आणि भांड्यात वांगं टाकून ठेचायला घेतलं.

"आता नीट ऐक. आपल्या पृथ्वीवरचा पंखा कसा? कुणीतरी डोकं खर्च करून तो शोधला. त्याला मिळतं पेटंट (आपण शोधलेली वस्तू ठरावीक वर्षं दुसऱ्या कुणी परवानगीशिवाय बनवू नये, असा हक्क). तू पंखा विकत आणलास. रात्रंदिवस फिरव, तुझा पंखा. पण तो उघडून, त्यावर बघून शंभर पंखे बनवायचा कारखाना काढायचा नाही. पटतं?"

"पटतं. त्यानं डोकं खर्च केलंय ना."

"सत्य," बीजपाल म्हणाला.

"तुला कुणी विचारलं? तर वापरणं एक आणि नक्कल बनवणं वेगळं. पेटंटवाले सांगतात, वापरा, नक्कल करू नका. आता भणभणवर चल. एका कंपनीनं तिथं नवा पंखा काढला, दुप्पट गार वाऱ्याचा. फुरफुरच्या बायकोनं तो आणला, छताला लावला, बटण दाबलं. तिनं कारखाना काढला का?"

"नाही."

"पंखा उघडून बघितला?"

"नाही. नुसता वापरला."

"आणि महिन्यानं टपकन?"

"पिल्लू पडलं!" शलाका सरळ होऊन बसली. "म्हणजे वापरला, तीच नक्कल झाली! तिनं काही न करता..." ती मध्येच थांबली. तिनं झाडाकडे पाहिलं. "आप्पा, कोड्याचं उत्तर बी! बी वापरायचं म्हणजे पेरायचं. आणि पेरलं, की नव्या बिया तयार होतातच. पेरून नक्कल होऊ द्यायची नाही, असं करताच येत नाही!"

"शाब्बास! पंख्याला पिल्लं होत नाहीत, बीला होतात. म्हणून पंख्याचा नियम उचलून बीला चिकटवला, की घोटाळा होतो. भणभणच्या कंपनीनं तेच केलं. म्हणाली, पिल्लंसुद्धा आमचीच. प्रत्येक पंख्याखाली पेटी लावली. पिल्लू पडलं की पेटीत, पेटी कंपनीच्या घरी. दुसरा पंखा हवा? या दुकानात."

आत्यानं पुरी तेलात सोडली. ती टम्म फुगली, तशीच आत्याही फुगली. "पण आप्पा, कंपनीचंही थोडं बघा की. ते जनुक काढायला त्यांची माणसं वर्षानुवर्षं राबली असतील. तुम्हीच नाही का जेवण विसरायचे?"

"विसरायचो. आणि त्या पोरांची मेहनत मी नाकारत नाही. वाळवंटातल्या झुडपातलं नेमकं तेच जनुक हुडकून वांग्यात बसवणं म्हणजे खायचं काम नव्हे. पण असं बघ. वांगं म्हणजे एक जाडजूड पुस्तक. त्यात हजारो पानं. हे पान काट्यांचं, हे रंगाचं, हे चवीचं. कंपनीनं त्यात एक पान घातलं, फार सुंदर पान. त्याचं मोल आपण पाकिटाबरोबर दिलं. बाकीचं पुस्तक कुणी लिहिलं?"

"कुणी?"

"हुसेनच्या पणजीनं. तुझ्या पणजीच्या पणजीनं. कडू, काटेरी, गोटीएवढ्या रानवांग्यातून दरसाल बरं वांगं हेरलं, चिंधी बांधली, बी धरलं, पुन्हा पेरलं. दरसाल थोडं थोडं. त्या बायांनी त्या पुस्तकावर नाव घातलं नाही, म्हणून ते बेवारस होत नाही."

हुसेनकाका लसूण सोलायचे थांबले. "आमची पणजी खरंच धरायची हो बी. मातीच्या मडक्यात, राख घालून."

"तपासता..." बीजपाल म्हणाला आणि पुढे घरघरला. "रानवांग्यापासून निवडीनं आजची वांगी तयार झाली. सत्य."

"मग पुढं काय झालं भणभणवर?" शलाकानं विचारलं. गाडीचा विषय ती क्षणभर विसरली होती.

"पुढं? आलं वादळ, धुळीचं. आणि सगळ्या घरांत पंखे एकाच कारखान्यातले, एकाच साच्यातले. एकाच्या फटीत धूळ अडकली, तशी सगळ्यांच्याच त्याच फटीत अडकली. एका दुपारी अख्ख्या ग्रहावरचे पंखे बंद! माणसं नदीत जाऊन बसली. फुरफुर सुकून पापडासारखा झाला. मी त्याला घडी घालून खिशात ठेवला."

"असत्य! सजीवाची घडी..."

"भणभणचा सजीव."

"...तपासता येत नाही."

"एका म्हातारीच्या घरातून मात्र वारा येत होता. तिनं पेटीवर बसून पेटीच मोडली होती आणि कैक वर्षं माळ्यावर पिल्लं पाळली होती. पिल्लांची पिल्लं, त्यांची पिल्लं. आणि पिल्लं काही हुबेहूब बापासारखी नसतात. कुणी आडवं फिरे, कुणी उलटं, कुणी आळशी. त्यातलं उलटं फिरणारं होतं, ते धूळ आत ओढण्याऐवजी बाहेर फेकायचं! म्हातारीनं त्याचीच पिल्लं घरोघर वाटली. महिन्याभरात ग्रह पुन्हा गार. याला म्हणायचं विविधता (एकाच जातीत वेगवेगळ्या गुणांचे सजीव असणं). सगळी अंडी एकसारखी असली, की सगळी एकाच धक्क्यात फुटतात. शलाकाच्या त्या तीन वांग्यांतली रोपंही सगळी सारखी निघणार नाहीत. काही उन्हात टिकतील, काही नाही. काहींना चव असेल, काहींना नाही. निवडत जावं लागेल. पण निवडायला आधी बी हातात लागतं."

"मग त्यांनी कायदा केला का?" शलाकानं विचारलं. "म्हातारीसाठी?"

"केला ना. भणभणचे लोक शहाणे. पंखा कंपनीनं विकला, तिला तिचं मोल मिळालं. पण घरात जन्मलेलं पिल्लू घराचं. पाळा, वाटा, शेजाऱ्याला द्या. कंपनीच्या नावाची पाटी तेवढी त्याला लावू नका." आप्पांनी भरतात हिरवी मिरची टाकली आणि मोठा उसासा सोडला. इतका मोठा, की राख उडाली. "काय सुंदर कायदा! पृथ्वीवर कितीक देशांत कंपन्या शेतकऱ्याकडून आधीच लिहून घेतात, की बी राखणार नाही म्हणून."

"सत्य," बीजपाल म्हणाला.

लांब रस्त्यावर धुळीचा एक लोट दिसला. पांढरी गाडी वळण घेत होती. शलाकानं मान उंचावून पाहिलं.

आप्पांनीही गाडी पाहिली. पण त्यांचा हात शांतपणे भरीत घोटतच राहिला. "आणि आपल्या भारतात तर," ते मोठ्यानं, अगदी खणखणीत आवाजात म्हणाले, "याहून वाईट. आपल्या कायद्यानं शेतकऱ्याला एकही बी राखायचा हक्क दिलेला नाही. राखायचं नाही, पेरायचं नाही, हुसेनला द्यायचं तर मुळीच नाही. शलाका, अख्ख्या वांग्याचं पेटंट कंपनीच्या नावावर आहे, पोरी. सोड तो नाद."

शलाकाच्या डोळ्यांत पाणी टचकन उभं राहिलं. आप्पा असं बोलतील? तिचे आप्पा? ती काहीतरी म्हणणार, तोच—

"असत्य!"

बीजपाल इतक्या जोरात ओरडला, की बाभळीवरचे बगळे उडाले.

"असत्य! भारतात पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा आहे. त्यानुसार शेतकऱ्याला आपल्या शेतातलं पीक, त्याच्या बियाण्यासकट, राखता येतं, वापरता येतं, पेरता येतं, पुन्हा पेरता येतं, अदलाबदल करता येतं, वाटता येतं आणि विकताही येतं. वाण कंपनीच्या नावानं नोंदलेलं असलं, तरीही. मनाई एवढीच, की अशा वाणाचं बी छापील नावाच्या पाकिटात घालून, ब्रँड लावून विकता येत नाही. पेटंटविषयीचं वाक्यही असत्य! भारतात बियांचं आणि रोपांचं पेटंट दिलं जात नाही. कंपनीचं पेटंट प्रयोगशाळेत जनुक घडवण्याच्या कृतीवर आहे. वांग्यावर नाही."

तेलात पुरी करपत होती.

"अरेच्चा," आप्पा म्हणाले. "असं आहे होय? वय झालं माझं. विसरलो."

"असत्य. आपण हा कायदा सलग अकरा वर्षं विद्यार्थ्यांना शिकवला."

हुसेनकाकांनी लसणाच्या टोपलीत तोंड खुपसलं. त्यांचे खांदे गदगदत होते.

शलाकानं आप्पांकडे पाहिलं. त्यांची मिशी एका बाजूनं थरथरत होती, जशी थाप पुरती बसल्यावर थरथरायची. आता तिला सगळं लख्ख दिसलं. प्रश्न विचारून जे मिळालं नाही, ते आप्पांनी खोटं बोलून बाहेर काढलं होतं.

पण बीजपाल जागचा हलला नव्हता. त्याच्या पुढच्या पायाची पत्र्याची बोटं झाडाच्या बुंध्याभोवती आवळलेलीच होती. त्यानं कायदा सांगितला होता. पट्ट्या काढ, असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आणि सांगितलं असतं, तरी ते त्याच्या कामात बसलं नसतं. गाडी शेताच्या रस्त्याला लागली. चाकांचा आवाज येऊ लागला.

"बीजपाल, सोड ना ते झाड!" आत्या म्हणाली.

"ही विनंती माझ्या कामात..."

शलाका उठली. चप्पल न घालताच बांध ओलांडून धावली. झाडापाशी गुडघे टेकून तिनं पहिल्या वांग्याची लाल पट्टी बोटांनी सरळ केली. पट्टीवर बारीक अक्षरं छापलेली होती. सकाळपासून ती कुणीच वाचली नव्हती. मनात वाचलेलं बीजपालाला ऐकू येत नाही. म्हणून तिनं छाती भरून श्वास घेतला आणि शाळेत कविता म्हणतात तशी ती मोठ्यानं वाचली.

"'या फळातील बी राखून ठेवण्याचा व पेरण्याचा हक्क शेतकऱ्याला नाही.'"

बीजपालाचं डोकं गर्रकन तिच्याकडे वळलं.

"असत्य!" तो म्हणाला. मग त्यानं पट्टीवरचं कंपनीचं नाव पाहिलं. त्याच्या आत खूप वेळ घरघर चालली. "कंपनीच्या नावाखाली असत्य मजकूर ठेवण्यास कंपनीची सक्त मनाई आहे."

कच्च. त्यानं कापलेली लाल पट्टी मातीत पडली.

"धावा!" शलाका ओरडली. "दोन राहिल्यात!"

हुसेनकाका आले, हातात लसूण तसाच. आत्या आली, लाटण्यासकट. आप्पा भरताचं भांडं काखोटीला मारून आले, त्यांना ते वाऱ्यावर सोडवेना. काकांनी वाकून पट्टी धरली आणि चष्मा नसल्यामुळे ती डोळ्यांपासून हातभर लांब नेली. "शलाका, तू पुढं म्हण, आम्ही मागून म्हणतो. आणि पोरी, या वांग्याचं बी पहिलं मला. उन्हाळ्याआधी माझा वाफा तयार असतो."

"तुम्हाला पहिलं, मग शाळेत सगळ्यांना," शलाका म्हणाली. "आणि त्यांच्यातलं ज्याचं झाड सगळ्यांत चांगलं येईल, त्यानं मला परत बी द्यायचं."

गाडी बांधाशी येऊन थांबली. आतला माणूस दार उघडून एक पाय खाली टाकून बघतच राहिला. समोर चार माणसं एका वांग्याभोवती उकिडवी बसून, एका सुरात, सगळ्या शिवाराला ऐकू जाईल अशा आवाजात वाचत होती, "'हक्क शेतकऱ्याला नाही!'"

"असत्य!" बीजपाल म्हणाला.